इंजिन कुठून आणलं?

माणसाचा खरा स्वभाव त्याला न्याय करायला बसवलं म्हणजे कळतो. हे मी अनुभवाने सांगतो आहे, आणि तो अनुभव आजवर कोणालाही सांगितलेला नाही — बायकोलाही नाही. माझं न्यायासन म्हणजे अमरावतीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या ओट्यावरचं एक स्टूल होतं, आणि समोरचा खटला असा — मुलीच्या खेळण्यातल्या मोटारीला कोणतं इंजिन बसवायचं?

मोटार चिखलदऱ्याच्या एका बंगल्यातल्या लिलावात मिळालेली. कुणा गोऱ्या साहेबाच्या पोराची, पायडलची. पायडल मात्र साहेबाबरोबर गेले असावेत. माझी कुमुद तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, पायडल नकोत, इंजिनच लावा. मी शाळेत इतिहास शिकवत असे. इंजिनाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की त्याच्यामुळे इंग्लंडात कापडाच्या गिरण्या निघाल्या.

दोन इंजिनं चालून आली. पहिलं देशमुखांचं. देशमुख आमच्या शाळेच्या कमिटीवर. स्वतःला ‘आमी’ म्हणायचे, आणि त्यात त्यांचे सगळे पूर्वज यायचे. वरूडकडच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत फवारणीच्या पंपाचं जुनं इंजिन पडून होतं. “घिऊन जा न मास्तर. आमचं इंजिन हाये, पोरगी नागपूरले जाईन त्याच्यावर!”

दुसरं तायड्यांचं. तायडे आमची प्रयोगशाळा सांभाळत आणि खालच्या वर्गांना विज्ञान शिकवत. नोकरीत अजून कायम व्हायचे होते. नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या बौद्ध घरातले. इथे थांबून सांगायला हवं, की समता या विषयावर मी शाळेत भाषण दिलेलं होतं. बरं झालं होतं. तायड्यांनी पुढे येऊन माझा हात हातात घेतला होता.

ते सायकलच्या कॅरिअरला बांधून, पोत्यात गुंडाळून इंजिन घेऊन आले. “दादा पलटणीतून आला तवा लष्कराच्या लिलावातून घेतलं होतं, सर. तो गेला, तवापासून कोनी चालूच नाई केलं. कुमुदच्या गाडीत चाललं त बरं वाटन.”

मी विचारलं — कुठून आणलं?

हो, हे सगळं सांगून झाल्यावर विचारलं. ते हसले, आणि पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, वर्गातल्या मागच्या बाकाला सांगतात तसं.

देशमुखांना मी हे विचारलं होतं का? नाही. सुचलंच नाही. संशयी म्हणून माझा लौकिक होता — ज्योतिष, सत्कार, वर्तमानपत्र, कशावर म्हणून माझा विश्वास नव्हता. पण माझा संशय माणूस ओळखून भुंकत असे. हे मला तेव्हा कळलं नाही, असं लिहायचा मोह होतो आहे. कळलं होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत तसंच एक लहान इंजिन होतं. किल्ली तायड्यांकडे. झालं! जाऊन पाहायला काय लागत होतं? व्हरांडा ओलांडायचा. मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो, भलत्याच कामाचं बोललो, आणि उठता उठता म्हणालो — प्रयोगशाळेतलं इंजिन जागेवर आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या. आरोप नाही, नाव नाही. वाक्य जपून बांधलं होतं. खरं सांगू? मला ते आवडलंही होतं.

दुसऱ्या दिवशी कपाटं उघडली गेली. खिडक्यांना पोरं लटकलेली, तायडे बाजूला उभे. इंजिन तिथेच सापडलं — मीच तिथे नेऊन टाकलेल्या इतिहासाच्या नकाशांच्या ढिगाखाली.

त्या संध्याकाळी तायडे माझ्याकडेच आले. दुसऱ्या कोणाकडे जाणार?

“सर, कोन म्हनलं असन?”

“लोक बोलतात, तायडे.”

“लोक नाई, सर. एकच कोनीतरी हाये. तुमच्या कानावर आलं त मले सांगसान.”

सांगेन, म्हणालो.

मग ते ओट्यावरच्या इंजिनाकडे वळले. “मंग हे रविवारी बसवू न गाडीले?”

मी म्हणालो, देशमुखांचं बसवायचं ठरलं आहे. ठरलं कधी? त्या क्षणी. ते इंजिन दारात राहिलं असतं तर मला रोज पाहावं लागलं असतं. तायड्यांनी पोतं पुन्हा गुंडाळलं, दोरी आवळली. सायकल मी धरली — तेवढी मदत केली.

जूनमध्ये त्यांना कायम करायचा विषय निघाला. चौकशीत काही निघालं नव्हतं हे खरं, पण चौकशी झाली होती हेही खरंच, असं देशमुख कमिटीत म्हणाले. शिक्षकांच्या वतीने मी तिथे बसलो होतो. मी चहा घेत होतो. तायड्यांना कमी केलं. ते बायकोमुलांना घेऊन पातूरकडे मिळेल त्या शाळेवर गेले. निरोपाचं भाषण मीच केलं. तेही बरं झालं. कोण म्हणालं, ते त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे देशमुखांचं इंजिन मोटारीला बसवलं. त्यांनी कमिटीच्या मंडळींसमोर नारळ फोडला, स्वतः दोरी ओढली, कुमुदला आत बसवलं. गाडी मागे गेली. पुढे ती कधीच गेली नाही.