रिकामे डबे

आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचो, तेव्हा माझा एक मित्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. माझा प्रोग्राम कॉम्प्युटरची मेमरी घेत राहायचा, परत करायचा नाही, आणि दुपारपर्यंत अडकायचा. कारखान्यातून फोन आला की हा खुर्ची ओढून जवळ यायचा. एकेका ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न. "घेतलीस ना? काम झालं ना? मग परत कुठे केलीस?" चूक सापडेपर्यंत स्वतः चहा घ्यायचा नाही, मलाही घेऊ द्यायचा नाही. डोकं फिरायचं माझं.

एकदा त्याच्या घरी गेलेलो. स्वयंपाकघराच्या फळीवर माझ्या आईचं नाव कोरलेले आमचे डबे, दर दिवाळीला फराळ भरून पाठवलेले, घासूनपुसून ओळीनं मांडलेले.

मी एका डब्यावर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"अरे, रिकामे कसे परत करणार?" तो म्हणाला.