मनूसाठी घेतलेला राउटर

दोन महिन्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मी राउटरचे खोके उलटे करून करून बघत होतो... सहा झाले, सातवा हातात होता. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, वायफाय घेताय की पत्रिका जुळवताय?"

खरं सांगायचं तर पत्रिकाच जुळवत होतो. आमची एकुलती एक मुलगी, मनू, दोन वर्षांसाठी म्हणून नेदरलँड्सला नोकरीला गेली आहे. तिकडून इथल्या काही सरकारी साइट उघडत नाहीत, बँकेची कटकट वेगळीच. तिचं म्हणणं, इथल्या घरच्या नेटवर तिला तिथून येता आलं तर सगळंच सुटेल.

मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो. लोकांच्या लाइनी जोडण्यात जन्म गेला... पोटच्या पोरीची लाइन जोडायची वेळ आली तेव्हा मागे हटणार होय? महिनाभर चष्मा नाकावर ठेवून फोरम वाचले.

कळलं ते असं. कंपनीने राउटरमध्ये घातलेलं सॉफ्टवेअर काढून त्या जागी जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं फर्मवेअर टाकता येतं, आणि त्यात बाहेरून घरात यायचा खासगी रस्ता करता येतो. पण हे सगळ्या राउटरना चालत नाही. चिप ठरावीक लागते, मेमरी पुरेशी लागते, आणि मॉडेल तेच असलं तरी कंपनी मधूनच आतलं सामान बदलते... ते कळतं फक्त खोक्याखालच्या स्टिकरवरच्या व्हर्जन नंबरवरून. मला दोन नंबर हवा होता आणि जो तो खोका तीन दाखवत होता. सातव्यावर दोन निघाला.

घरी येऊन फर्मवेअर टाकलं तेव्हा राउटरचे सगळे दिवे विझले. पाच मिनिटं मी त्याच्यासमोर उभा. बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, नाही लागला तर जुना आहेच की." पण जुन्यावर मनूला घरात येता येणार नव्हतं... मग एक दिवा लागला, दुसरा लागला, आणि मी खुर्चीत बसलो.

आता माझ्या मोबाइलवर राउटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी दिसते. माझा फोन, सुनंदाचा फोन, टीव्ही, प्रिंटर... आणि 'मनू लॅपटॉप'. आमचे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळ असते. ती लॅपटॉप उघडते आणि तिच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो.

पहिल्या आठवड्यातच सुनंदाला त्याची सवय लागली. पोळ्या लाटता लाटता विचारते, "आली का?" मी म्हणतो, "आली." मग आम्ही पानं घेतो. वेडेपणाच आहे, पण परळच्या ह्या अठराव्या मजल्यावर तेवढ्यापुरतं घर भरल्यासारखं वाटतं.

डिसेंबरमध्ये तिची दोन वर्षं संपतात. तिच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून आम्ही शेडकार्डसुद्धा आणून ठेवलं होतं.

गेल्या शनिवारी दुपारी मात्र गंमत झाली... गंमतच म्हणायची. सुनंदा बोंबील तळत होती, मी पेपर वाचत होतो, आणि कुणी हात न लावता आमचा प्रिंटर सुरू झाला. एक पान, दोन पानं, चार पानं. मग कागद संपला आणि नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

सुनंदा हात पुसत आली. तिने पहिलं पान उचललं, वाचलं, पुन्हा जागेवर उपडं ठेवलं आणि आत गेली. मी ते उलटलं. भाडेकरार होता. भाडेकरू म्हणून मनूचं नाव, नवं घर, आणि मुदत तीन वर्षं.

दहा मिनिटांत फोन आला. "बाबा... तुझा प्रिंटर चालू आहे का रे?"

"आहे."

मग तिने सांगितलं. प्रिंट काढायची होती रूममेटच्या प्रिंटरवर, पण लॅपटॉपने सवयीने घरचाच धरला. "नोकरी वाढवून मिळालीय. मी सांगणारच होते... आईला कसं सांगायचं तेच सुचत नव्हतं."

माझ्या मनात आलं, ह्यासाठी मी सात खोके उलटे केले? राग नाही आला. पण मला ती इथे हवी होती. बाथरूम अडवून बसणारी, पंख्यावरून भांडणारी, हाडामांसाची.

"चार पानं आलीत," मी म्हटलं. "पाचवं अडकलंय, कागद संपला." मग उठलो, ट्रेमध्ये कागद घातले. पाचवं पान सहीचं होतं. "आलं बघ नीट. तिकडे पुन्हा काढ आणि बिनधास्त सही कर."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. सुनंदाने माझ्याकडे न बघता बोंबील परतले. म्हणाली, "त्या कागदावर तिचा नवा पत्ता असेल ना? लिहून घ्या. दिवाळीचा फराळ जुन्या घरी जायला नको."

पत्ता लिहिला आणि फ्रिजवर लावला. शेडकार्ड कपाटात ठेवलं.

ज्या अनोळखी लोकांनी ते फर्मवेअर फुकट लिहिलं, त्यांचे आभार मानायचे होते म्हणून ही पोस्ट. लाइन जोडली की हवी ती बातमीही येते आणि नको ती पण... हे तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं.

रविवारी साडेबारा वाजता सुनंदाने काहीच विचारलं नाही. मीच म्हटलं, "आली गं." तिने गॅस बंद केला आणि पानं घेतली.