पाळीवरून चालणारी पोरगी

यंदा नागपुरात सिनेमाचा महोत्सव भरला तेव्हा आमच्या अजनीच्या वस्तीला आधी वाटलं, कोणी मंत्री येऊन राहिले. मेट्रोच्या खांबाखांबाला फलक लागले, दुभाजकावर रातोरात कुंड्या आल्या, रामदासपेठेतल्या हॉटेलांपुढे गाड्यांच्या रांगा. पोलीस म्हणे, इकडून नाही, तिकडून जा. मेथीची जुडी आणायला निघालेला माणूस अर्धी धंतोली फिरून घरी यायचा. लोक चिडले, पण मला भारी मजा वाटली. कुही तालुक्यातल्या आमच्या शाळेत गुरुजींनी एकदा तंबूतला सिनेमा पाहून आलेला सगळा वर्ग उन्हात उभा केला होता, आणि मग जवळ येऊन हळूच विचारलं होतं, "शेवटी काय झालं रे?" गुरुजी म्हटल्यावर त्यांना तंबूत जाता येत नव्हतं ना! ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आमच्या सूनबाई, सुहासिनी, आता माझ्याबरोबर ओठ हलवतात.

पण आज सांगायचं आहे ते कांताबाईंचं.

कांताबाई आणि त्यांचे यजमान आनंदराव माझ्याच गावचे, आणि इथेही भिंतीला भिंत लागून. आनंदराव रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते, आता घरीच असतात. कांताबाईंनी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या, लेक रोशनला शिकवलं, तो पुण्याला असतो. बोलणं तोलून मापून. पण नवं माणूस घरी आलं, की चहा ठेवता ठेवता एक गोष्ट हमखास सांगणार. "माही मोठी पोरगी सिनेमात हाय."

ती पोरगी, मेघा, जाऊन तीसेक वर्षं झाली. रोशनच्या आधीची. कांताबाईंची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून मेघा झाली तेव्हा तिच्या आजीनं, म्हणजे आनंदरावांच्या मायनं, तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि उचलून आणलं. हाक मारायची तीसुद्धा कचरी म्हणून. आपल्याकडे असंच करत. टाकलेलं लेकरू म्हटलं की मरणही त्याच्याकडे वळून बघत नाही. बुढीनं दीक्षा घेतली होती, देव सोडले होते, पण लेकराच्या जिवाची भीती कोण सोडतं? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पडदा लावून फोटो काढणारा यायचा, तर बुढी मेघाला पदराखाली घेऊन लांबून जायची. फोटोनं आयुष्य घटते म्हणे. म्हणून त्या पोरीचा एकही फोटो नाही.

आणि अशा गावात एका सालच्या धानकापणीत सिनेमावाले आले! माझं नशीब बघा, जन्मात पहिल्यांदा गावात शूटिंग आलं आणि मी मेहुण्याच्या लग्नात रामटेकला. त्या लोकांना तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चालणारी लहान पोरगी पाहिजे होती. त्यांनी मेघाला निवडलं. आणि बुढी चक्क हो म्हणाली. सगळ्या गावाला नवल वाटलं. आनंदराव नागपूरला ड्युटीवर, कांताबाई दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत कापणीला. गाववाल्यांना दोरी लावून लांब उभं केलेलं. सांजच्याला कांताबाई घरी आल्या तेव्हा मेघानं अंगणात गुंडी डोक्यावर घेऊन, मान ताठ करून त्यांना करून दाखवलं. "माय, मी असी चालली."

पुढल्या सालीच ती गेली. सांधे ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे. आज तो रक्ताचा आजार सगळ्यांना माहीत आहे, सिकलसेल. तेव्हा आम्ही नजर उतरवत बसलो.

तो सिनेमा काही लागला नाही. डब्यातच राहिला. पण कांताबाईंना तेवढं पुरलं. पोरगी कुठल्या तरी डब्यात चालते आहे, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

तर यंदा, महोत्सवाच्या धामधुमीत, मी ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचत होतो. कुही तालुक्यात काढलेला, वर्षानुवर्षं पडून राहिलेला मराठी सिनेमा साफसूफ करून दाखवणार, असं त्यात होतं. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. कांताबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"नानाजी, पुन्हा वाचा बरं."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग आनंदरावांना म्हणाल्या, "काहून बसले गा? उठा. पास आणा."

"अवं, आज नाही, शुक्रवारी हाय."

"मंग शुक्रवार येईपर्यंत बसूनच राहणार का?"

पास सुहासिनीनं आणले. शुक्रवारी कांताबाईंनी रोशनच्या लग्नातलं जांभळं लुगडं नेसलं. ऑटोवाल्यानं आम्हाला चौकातच उतरवलं, पुढे रस्ता बंद होता. दारात लाल गालिचा अंथरलेला. आनंदराव चपला काढायला लागले तर कांताबाई म्हणाल्या, "घालून ऱ्हा. देऊळ नाही होय ते." तेवढंच त्या दिवशी आम्ही हसलो.

आत थंडी अशी की पौष. काळोख झाला. कांताबाईंच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आनंदराव. सिनेमा संथ होता, खरं सांगतो, पण पडद्यावर आमचा तलाव दिसला आणि माझा ऊर भरून आला. ते चिंचेचं झाड आता नाही. ती सुतारांची घरं नाहीत. मी म्हणायला लागलो, "हे बघा, हे धोंडबाचं..." आणि कांताबाईंनी माझं मनगट धरलं.

पाळीवरून पोरगी आली. हिरव्या छिटाचा फ्रॉक, डोक्यावर पितळी गुंडी. तीनचार पावलं चालली, बाजूला कोणाकडे तरी बघून फिसकन हसली, पुन्हा चालली, आणि झुडपाआड गेली. आनंदराव हुंदका देऊन पुटपुटले, "माही माय... माही माय..."

कांताबाईंनी माझं मनगट सोडलं.

"फ्रॉक मेघाचा हाय," त्या हळू म्हणाल्या. "म्या शिवला होता. पोरगी माही नाही."

"काही बोलतं का वं!" आनंदराव म्हणाले. मागून कोणीतरी श्श केलं.

"मायले सांगता? मेघा डावा पाय टाकताना दचकायची. दुखायचं तिले. हे त हरणावानी चालली."

रांगेच्या अगदी मधोमध बसलो होतो, उठून जाता येईना. उरलेला सिनेमा आम्ही तिघं पडद्याकडे तोंड करून बसून राहिलो. संपल्यावर टाळ्या झाल्या. बाहेर एक हसतमुख बाई सगळ्यांना विचारत होती, कसा वाटला, कसा वाटला. कांताबाई तिच्या बाजूनं निघून गेल्या.

त्या पोरीला मी ओळखलं होतं. हसली तेव्हा समोरच्या दोन दातांत फट दिसली. ती आमच्या गावच्या धोंडबाची लेक, रुख्मिणी. आता कुहीलाच दिली आहे, मोठमोठी लेकरं आहेत तिला. घरी येऊन मी फोन केला. पडद्यावर काय पाहिलं ते सांगितल्यावर ती म्हणाली, "उद्या येतो, नानाकाका."

आली. कांताबाईंच्या पायाशी बसली, आणि खाली मान घालून बोलली.

"काकी, आजीनं मले गूळ देला. म्हणे, कचरीचा फ्रॉक तू घाल, तिचं आयुष्य नको घटाले. कोणाले सांगशीन त तुही माय मरन. मी लहान होतो वं काकी. मंग मेघा गेली. मंग मले वाटलं, आता सांगितलं त तुमचं तेवढंही जाईन."

"आन् तुह्या मायनं तुले काहून जाऊ देलं? तिले नव्हती का भीती?"

"आमी सात बहिणी होतो, काकी."

आनंदराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. भिंतीवर त्यांच्या मायचा फोटो होता, म्हातारपणी रोशननं मोबाईलवर काढून मोठा केलेला. कोणी तिकडे बघत नव्हतं.

कांताबाईंनी विचारलं, "तू चालता चालता कोणाकडं पाहून हासली? मेघाकडं?"

मी मनात म्हटलं, पोरी, हो म्हण. हो म्हणायला काय जातं.

पण रुख्मिणी खोटं बोलायला आलीच नव्हती. "नाही काकी. सिनेमावाल्यातला एक जण वाकोल्या दाखवून राहिला होता. मेघा झाडामागं होती. आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून रडून राहिली होती. फ्रॉक मांगत होती."

कांताबाई उठल्या. आत गेल्या. आम्हाला वाटलं आता रडतील, पण स्टोव्हचा आवाज आला. रुख्मिणीला वरण-भात, वांग्याची भाजी वाढली, समोर बसून दुसऱ्यांदा भात घातला. नंतर जरा वेळानं म्हणाल्या, "सांजच्याला मले हासत हासत करून दाखवलं तिनं. मी असी चालली म्हणे. दिवसभर रडून आलती आन् मले पत्ता नाही."

मला आयुष्यात पहिल्यांदा एकही गोष्ट सुचली नाही.

त्या सिनेमाचा आणखी एक खेळ रविवारी होता. आनंदराव चाचरत म्हणाले, "जायचं का वं आपण, पुन्हा एक डाव?"

"कोणाले पाहाले?" कांताबाई म्हणाल्या.

ताटाशी रुख्मिणीचा हात थांबला. अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "काकी, मी कसी दिसतो वं त्याच्यात?"

आनंदरावांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, आता हाकलतात. कांताबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्या दातांच्या फटीकडे, कपाळावरल्या पांढऱ्या केसांकडे.

"साजरी दिसतं," त्या म्हणाल्या. "राहून जाय रविवारपर्यंत. काका घेऊन जातीन तुले."

रविवारी आनंदराव आणि रुख्मिणी गेले. आनंदराव कुरकुरले, पण गेले. कांताबाई घरी राहिल्या, ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. मी शेजारी बसलो. लांबून ढोलाचा आवाज येत होता, महोत्सवाच्या समारोपाची मिरवणूक निघाली असावी. सुपातला तांदूळ केव्हाच निवडून झाला होता तरी त्यांचा हात फिरतच होता.

"नानाजी," त्या म्हणाल्या, "आता पाळीपर्यंत आला असन का सिनेमा?"

मी ऊन कुठवर आलं ते बघितलं. "आला असन."

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं, आणि जिकडे सिनेमा चालला होता त्या रस्त्याकडे पाठ करून बसल्या.