सदरहू पत्नीस आवड आहे

ही गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणापाशी बोललो नाही. माझ्या व्यवसायात लोक बोलतात, मी ऐकतो आणि कागदावर उतरवतो — उलट कधी घडत नाही. आज घडो. तुम्हाला मित्र समजून सांगतो आहे. मध्येच थांबलो तर घाई करू नका.

मी अर्जनवीस आहे. भाईंदर पूर्वेला एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर माझे टेबल असते. शाळा नववीत सुटली, परंतु माझा मसुदा हाती पडला की आतले साहेब विचारतात, हा कोणी लिहिला? रेशनकार्डातली चूक असो वा म्हातारीची पेन्शन, लोकांच्या इच्छा मी त्यांच्या वतीने ‘मी’ म्हणून लिहितो. एक नियम मात्र पाळतो: लिहिलेले अर्जदाराला वाचून दाखवल्यावाचून सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. हा नियम मी एकदाच मोडला — आणि तोही घरात.

तरुणपणापासून मला स्त्रिया आवडतात, तसे पुरुषही आवडतात. पाहा, किती लहान वाक्य आहे! ते उच्चारायला मला पन्नाशी गाठावी लागली. लग्न झाले, सुनंदा घरात आली, तिच्यावर जीव जडला, तो आजही आहे. दुसरी ओढ गेली नाही, इतकेच. मग कधीतरी मोबाइलवर एक फुकटची डेटिंग साइट सापडली. तिथे एकटी माणसे होती, तशी नवरा-बायको मिळून कोणाशी ओळख करू पाहणारी जोडपीही होती. स्त्री-पुरुष दोन्ही आवडतात असे उघड लिहिणारी. आपल्यासारखे एवढे लोक आहेत? आणि तेही इथेच, पलीकडच्या गल्लीत?

सुनंदाला मी अर्धेच सांगितले. म्हणालो, हल्ली जोडपी मोकळेपणाने भेटतात, पटले तर मैत्री पुढेही जाते. ती माझ्याहून धीट आहे. म्हणाली, “बघू तरी कोण माणसं असतात ती. चहाला काय हरकत आहे?” तिचा होकार एवढाच होता — चहापुरता.

मी माहिती भरायला बसलो. ‘तुमच्याविषयी लिहा’ असा चौकोन समोर आला. काय लिहायचे? मला पुरुष आवडतात, असे? कचेरीतल्या कोणी पाहिले तर? माझे नाव, माझा मान — आणि बोट वळले. मी लिहिले की सदरहू पत्नीस स्त्रियांचीही आवड आहे व त्यास पतीची संमती आहे. संमती! इच्छा माझी, ती तिच्या नावावर चढवली, आणि वर स्वतः उदार होऊन बसलो. बेत असा की जोडपे येईल, त्यातला पुरुषही येईल, मग हळूहळू माझेही साधेल. वाचून दाखवले का तिला? नाही.

फुकटच्या साइटवर जोडपे म्हणून आलेले बरेचसे एकटेच पुरुष निघतात. फोटो मागतात, मिळाला की गायब. एक जोडपे मात्र खरे निघाले. जवळच्याच इंद्रलोक वस्तीतले, आमच्याच वयाचे. केबिन रोडच्या एका ज्यूस सेंटरमध्ये भेटलो. नवरा अबोल, देखणा. बायको बोलकी. मोसंबीचा ग्लास बाजूला सारून तिने सुनंदाचा हातच धरला.

“ताई, सच सांगू? तुमचं वाचलं आणि मला रडूच आलं. एवढं खुल्लमखुल्ला कोण बाई लिहिते? मी तर ह्यांना सांगायलाच अर्धी जिंदगी घालवली.” मग हसून म्हणाली, “फक्त ते ‘सदरहू’ काय ते नाय समजलं हां!”

सुनंदाने माझ्याकडे पाहिले. एकदाच. आणि मी? मी स्ट्रॉने बर्फ ढवळत राहिलो. तेव्हा ती त्या बाईकडे वळली आणि हात न सोडवता म्हणाली, “धीर लागतो खरा.” मग उठेपर्यंत माझी अब्रू सांभाळत बसली — जे तिच्या मनात कधी नव्हते, त्याला नाही न म्हणता.

रिक्षात तिने विचारले, “माझ्या नावावर काय लिहिलंत?”

“जोडपं निवडलं की साइट ते आपोआप भरते,” मी म्हणालो. न अडखळता. घरी पोचताच प्रोफाइल पुसून टाकले. त्या बाईने मागून निरोप धाडला असेल, वाट पाहिली असेल — मला कसे कळावे? अर्ध्या आयुष्यानंतर तिला आपल्यासारखी कोणी भेटली होती, आणि ती मी रचलेली होती. त्याची भरपाई माझ्यापाशी नाही.

त्यानंतर काही वर्षे घरात हा विषय निघाला नाही. सुनंदा प्रेमाने वागली की मला टोचे. रागावली की बरे वाटे — असे का व्हावे?

गेल्या रविवारी सकाळी ती वाडग्यात भिजवलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. समोर बसलो आणि म्हणालो, ते साइटने लिहिले नव्हते, मी लिहिले होते.

“माहितेय,” तिने मान वर केली नाही. “साइट कशाला ‘सदरहू’ लिहील? अख्ख्या भाईंदरात तो शब्द जेवतानाही बोलणारा एकच माणूस आहे.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“लिहिलं तुम्ही. सांगायचंही तुम्हीच होतं.”

तेव्हा उरलेले सांगितले. की आवड तिची नव्हती, माझी होती. की मला पुरुषही आवडतात. तिचे हात थांबले. “त्या बाईच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलले, अहो. तुमच्यापायी. ते मी विसरायची नाही.”

मग तिने पुन्हा एक डाळिंबी उचलली. “आणि तो तिचा नवरा? आवडला होता ना?”

“हो,” मी म्हणालो.

“वाटलंच. बर्फ कधीच विरघळला होता, तरी ढवळत होतात.”

त्या दुपारी मी पोटभर जेवलो आणि कित्येक वर्षांत आली नव्हती अशी झोप लागली. तिचे दुःख अजून शिल्लक आहे, हे ठाऊक असूनही लागली.