वाऱ्याची दिशा पाहणारे शेजारी

साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले माझे शेजारी रोज सकाळी माझ्या पूजेच्या वेळी माझ्या दारात उभे राहतात. नमस्कार ते देवाला करतात, पण दृष्टी उदबत्तीच्या धुरावर असते. धूर कोणीकडे वळतो यावरून कारखान्याकडील वारा आपल्याकडे येतो का, हे ते ताडतात. "गुरुजी, आज वारा आपल्याकडंच हाय," एवढे पुटपुटून निघून जातात. आळीतले लोक विचारतात, "काका, वारा आज कितीच्या गाडीनं येतोय?" ते रागावत नाहीत. "हसा रं. पन दिशा बघून हसा."

गेल्या श्रावणात एका सकाळी डोळे चुरचुरू लागले, घसा जळू लागला. कारखान्यातून वायू सुटला होता. सारी आळी वारा जाई त्याच बाजूस धावत सुटली. काका मात्र रस्त्यात हात पसरून उभे राहिले. "वाऱ्यासंगं पळू नका! आडवं चला, शेतातून!"

पूजा अर्धी सोडण्यास मी कचरत होतो. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन बाळकृष्ण ताम्हनासकट माझ्या हाती दिला, कलशात भिजवलेला पंचा माझ्या नाकावर बांधला आणि मला ओढत नेले.

बांधापलीकडे हवा स्वच्छ होती. सर्वजण सुखरूप पोहोचल्यावर ते चिखलातच बसले. "गुरुजी, लई भ्या वाटतंय. कायतरी म्हना."

आयुष्यभर म्हटलेले स्तोत्र मी आरंभले आणि दुसऱ्याच चरणाशी अडखळलो. त्यांचा हात मी घट्ट धरला होता. तो कोणाला धीर देण्यासाठी, हे मला अद्याप सांगता येत नाही.