सुई न देणारे डॉक्टर

जठारपेठेतल्या आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बहुतेक वेळ रिकामाच असायचा. कारण त्यांचा हट्ट. साध्या सर्दीला ते सुई द्यायचे नाहीत. पेनिसिलिनचं तेव्हा लोकांना भारी अप्रूप. शिंक आली तरी सुई हवी. डॉक्टर छाती तपासून म्हणायचे, "सर्दीले सुई नाई. गुळण्या करा, घरी जा." माणूस घरी न जाता गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा. तिथे सुई मिळायची, सर्दी आपोआप जायची आणि नाव सुईचं व्हायचं.

दवाखान्यामागच्या खोलीत मी भाड्यानं राहायची. शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागलेली, आई अमरावतीला. एका हिवाळ्यात थंडी वाजून ताप भरला, श्वास घेताना कूस दुखू लागली, थुंकी तांबूस पडली. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली.

"हे सर्दी नोय, बाई. न्युमोनिया आहे. याले सुई पाह्यजे."

मग सकाळ-संध्याकाळ ते स्वतः खोलीवर येऊ लागले. ताप उतरल्यावर मी म्हटलं, "आता पुरे."

ते चिडले. "ताप गेला, जंतू नाई गेले. अर्ध्यावर सोडलं तं उरलेले पुन्हा उठतीन." सुई उकळायला ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मायी बायको याच दुखण्यानं गेली. तवा हे औषध नोतं. मी डॉक्टर, अन् नुसता उशाशी बसून होतो."

मी बरी झाले तरी ते संध्याकाळी दाराशी यायचे. "खोकला?" "नाही." "बरं." आणि तरी उभेच राहायचे.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. एका दुपारी डॉक्टर आमच्या दारात हजर. "इकडं काम होतं. म्हटलं, छाती पाहून घेऊ." बराच वेळ ऐकत राहिले. "साफ आहे." आईनं भाकरी वाढली. ते सावकाश जेवले आणि बडनेरा स्टेशनावरून सुटणाऱ्या परतीच्या गाडीची चौकशी करू लागले. काम वगैरे काही नव्हतंच.

निघताना आई म्हणाली, "डॉक्टर, पुन्हा या."

"काहून? घरी कोनी आजारी आहे?"

"कोनी नाई. तसंच या."

एक चप्पल पायात, एक बाहेर; ते तसेच थांबले. "तसंच?" असं हळूच विचारून मान हलवली आणि गेले.

दिवाळीला आईनं त्यांची वाट पाहिली. ते त्याआधीच वारले होते. आम्हाला फार उशिरा कळलं. कळवायला त्यांच्या घरी कोणी नव्हतं.