तारमास्तर आणि एक न पोचलेला आवाज

अंतर ज्याला ठाऊक नाही, हाक उमटण्याआधी जो ऐकतो, ओठ मिटलेले असले तरी ज्याला सारे कळते, त्या दीनदयाळाला आधी दंडवत. देवा, तुझ्या दरबारात ना तार लागते ना परवलीचा शब्द. तिथे जो रडला तो पोचला. आम्हा माणसांचे तसे नाही. आम्हाला एकमेकांपर्यंत पोचायला मध्ये कुणीतरी लागते. कधी नावाडी, कधी टपालवाला, कधी तारा जोडणारा. अशाच एका जोडणाऱ्याची कथा तुझ्या पायाशी ठेवतो. गोड मानून घे.

त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. उभी हयात टेलिफोनच्या खांबांवर गेली. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा खांब सुटले. पण माणसे जोडण्याचा नाद सुटतो थोडाच? उतारवयात मास्तर संगणक शिकले आणि शहराच्या कडेला असलेल्या निरोपगृहात कामाला लागले. गेलेल्या माणसाचा देह तिथे तासभर ठेवीत, आप्त जमत, दोन शब्द बोलत, मग गाडी येई. लांब सभागृह, चाळीस खुर्च्या, समोर देह, आणि देहामागच्या भिंतीवर मोठा पडदा. जे येऊ शकत नसत ते दूरवरच्या घरांतून त्या पडद्यावर येत. त्यांना आणायचे काम मास्तरांचे.

त्यांची जागा जिन्याखाली. एक टेबल, एक संगणक, एक टेलिफोन आणि कानाला लावायचा हेडफोन. त्याची फाटलेली गादी बायकोने जुन्या स्वेटरच्या तुकड्याने शिवून दिलेली.

"जगाला जोडता, आणि घरातली बेल चार महिने मुकी आहे," ती म्हणे.

"आपल्याकडे येतंय कोण?"

"कोणी आलं तरी कळणार कसं? तेच तर म्हणते!"

मास्तर हसत आणि डबा घेऊन निघत.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ते कधी कुणाला "तुमचं नेट खराब आहे" म्हणत नसत. शोकात असलेल्या माणसाला आपलेच काहीतरी चुकले असे आधीच वाटत असते; त्यात भर कशाला? ते डोळे मिटत आणि विचारत, "तुम्हाला पडद्यावर काय दिसतं ते सांगा. आंधळ्याला सांगावं तसं सांगा." पलीकडचा सांगत जाई, मास्तर कागदावर चौकोन काढत जात, आणि त्या चौकोनात गाठ कुठे बसली आहे ते त्यांना दिसे. एका आजोबांना ते म्हणाले होते, "आजोबा, आम्हाला नुसतं कपाळ दिसतंय, कॅमेरा जरा खाली घ्या." आजोबा म्हणाले, "राहू दे रे. बाकीच्या चेहऱ्यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही!"

आणि एक शिस्त होती, तीही त्यांचीच. एकदा एक मुलगा बापाच्या देहापाशी उभा राहून बोलत असता पडद्यावरच्या कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, मागोमाग क्रिकेटची आरोळी. सभागृहात कुणीतरी हसले. मुलाचे वाक्य अर्धेच राहिले. त्या दिवसापासून मास्तरांनी नियम केला: पडद्यावर येणारा प्रत्येक जण आवाज बंद होऊनच आत येईल; ज्याला बोलायचे त्याचा आवाज मास्तर स्वतः वेळेवर उघडतील. सज्जनहो, नियम चांगला होता. मायेपोटी केलेला होता. पुढे जे घडले ते याच नियमाच्या पोटातून घडले, म्हणून एवढे सांगितले.

एका सकाळी टेलिफोन वाजला. दहा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

"मी थोरली बहीण," पलीकडचा आवाज म्हणाला. ऐंशीच्या पुढचा, पण ताठ. "आत ठेवलाय तो माझा धाकटा भाऊ. मला आत येता येत नाही. नुसतं 'सभा सुरू झालेली नाही' असं लिहून येतंय."

"ताई, घाबरू नका. सभा सुरू आहे, अकराला गाडी येईल. अजून वेळ आहे."

"वेळ आहे ते मला सांगू नका. अकरा वर्षं होती, तीसुद्धा पुरली नाहीत." मग ती म्हणाली, "आईच्या आजारपणात तो एक लागट शब्द बोलला. मी अबोला धरला. अख्ख्या घरासमोर धरला. तो दर महिन्याला फोन करायचा, मी उचलायची नाही. आता मला दोन शब्द बोलायचेत. तो ऐकणार नाही हे कळतं मला, मी वेडी नाही. पण अबोला सगळ्यांसमोर धरला होता, तर तो सोडायचाही सगळ्यांसमोर. तो तिथे आहे तोवर."

मास्तरांनी डोळे मिटले. "पडद्यावर काय दिसतं?"

गाठ सापडली. आदल्या दिवशी सभेची नोंद बदलली होती, तेव्हा आत येण्याचा दुवाही, म्हणजे लिंक, बदलला होता. नवा दुवा सगळ्यांना गेला. थोरलीला कुणी पाठवला नाही. कोण पाठवणार? तिच्याशी बोलतच कोण होते? बिचारी अर्धा तास अशा सभेच्या दाराशी बसून होती जी कधीच भरणार नव्हती.

मास्तरांनी नवा दुवा पाठवला. दहा चाळीस. आता पडदा पांढराच. "गोल गोल फिरतंय काहीतरी," ती म्हणाली. तिच्या घरचे नेट धापा टाकत होते. मास्तरांनी तिच्या मोबाइलचे नेट संगणकाला कसे द्यायचे ते सांगितले, एकेक बोट धरून सांगावे तसे. "सेटिंगवर दाबा. त्यात हॉटस्पॉट लिहिलंय का?" "लिहिलंय." "ते चालू करा." "बोट नेमकं बसत नाही हो." "बसेल, ताई. पुन्हा दाबा."

दहा एक्कावन्न. ती आत आली, पण चित्र काळे. कॅमेरा दुसऱ्याच ॲपने धरून ठेवलेला. ते बंद करायला लावले. सभागृहाचे व्यवस्थापक जिन्याखाली डोकावले.

"मास्तर, चार मिनिटं. गाडी दारात आहे."

"साहेब, थोरली बहीण आहे. दोन शब्द."

"मागच्या वेळीही तुम्ही दोनच म्हणाला होतात, आणि काका वीस मिनिटं बोलले!"

"ही वीस मिनिटंवाली नाही, साहेब."

व्यवस्थापक मान हलवून गेले. आणि मोठ्या पडद्यावर एक म्हातारी उमटली: पांढरे केस चापून बसवलेले, हातात घडी केलेला रुमाल. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. पहिल्या ओळीत बसलेली भाची, गेलेल्याची एकुलती एक मुलगी, मान वर करून बघत राहिली.

मास्तरांना गहिवरून आले. "आलात, ताई! आता हा फोन ठेवा, नाहीतर आवाज घुमेल. मी तुमचा आवाज उघडतो. बोला." तिने फोन ठेवला. मास्तरांनी आवाज उघडण्याचे बटण दाबले.

इथे, सज्जनहो, क्षणभर थांबावे लागते. ते बटण आवाज उघडत नाही; ते नुसते विचारते. समोरच्याच्या पडद्यावर एक लहान चौकट येते: आवाज सुरू करू का? तिने हो म्हटले तर आवाज उघडतो. मास्तरांनी हे हजारदा केले होते, आणि हजारही वेळा विचारले होते, "पडद्यावर काय दिसतं?" त्या एका दिवशी विचारले नाही. घाई होती, आनंद होता, आणि फोन ठेवलेला होता. ते टेबल सोडून सभागृहाच्या दाराशी गेले. इतरांसारखेच त्यांनाही बघायचे होते.

थोरलीने रुमाल तोंडाशी धरला होता. खांदे हलत होते. ती थोडी पुढे झुकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. सभागृहात काही ऐकू आले नाही. लोकांना वाटले, रडते आहे. शब्द फुटत नसावेत. मास्तरांनाही तसेच वाटले. भाचीने शेवटी मान खाली घातली. अकराला दोन मिनिटे असता चौघे पुढे झाले आणि देह उचलला.

बाहेर पडता पडता भाची शेजारणीला म्हणाली, "बघितलंत? आत्या आली, बघितलं, आणि बसून राहिली. अजून एक शब्द नाही. बाबा गेले तरी नाही."

मास्तर जिन्याखाली धावले. पडद्यावर थोरलीची चौकट अजून तशीच होती. ती रुमालाने डोळे पुसत होती, चेहऱ्यावर ओझे उतरल्यासारखी शांतता. आणि कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण: तांबडा माइक, त्यावर आडवी रेघ.

गुडघे विसरून मास्तर अंगणात धावले. गाडीचे दार लागत होते. "ताई, त्या बोलत होत्या! आवाज मी उघडला नव्हता. चूक माझी. त्या बोलल्या!"

भाचीने काच खाली केली. "काय बोलली?"

"ऐकू आलं नाही हो."

गाडी निघाली.

मास्तर परत आले तोवर टेलिफोन वाजत होता.

"पोचलं ना?" थोरली म्हणाली. आवाजात लहान मुलीसारखी उत्सुकता होती. "सगळ्यांनी ऐकलं ना?"

खोटे बोलणे किती सोपे होते! 'हो ताई' म्हटले असते, तर ती त्या रात्री निवांत झोपली असती. मास्तरांनी टेबलाची कड धरली.

"नाही, ताई. आवाज उघडला गेला नाही. चूक माझी आहे. कुणालाच ऐकू आलं नाही."

ती म्हणाली, "एक चौकट आली होती हो मध्ये. मला वाटलं जाहिरात असेल. तोंडावर आली त्याच्या, म्हणून फुलीवर दाबून घालवली."

"मी विचारायला हवं होतं."

"माणसं पांगली?"

"पांगली. तुम्ही सांगा, मी जाऊन त्यांना..."

"नको. ते तुमच्या तोंडून नको." मग हळूच, "भाचीला कळलं का, मी बोलले म्हणून?"

"गाडीपाशी जाऊन सांगितलं."

"काय म्हणाली?"

"विचारलं, काय बोलली म्हणून."

"विचारलं तिने?"

"विचारलं, ताई."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

व्यवस्थापक वही घेऊन आले. "लिहा, नेट गेलं होतं. रोजचंच आहे." मास्तरांनी पेन घेतले आणि लिहिले: नेट चांगले होते, चूक माझी. व्यवस्थापकांनी वाचले आणि वही मिटली.

घरी बायकोने ताट वाढले. मास्तरांनी सांगितले ते तिने शेवटपर्यंत ऐकले.

"हो म्हणाला असतात तर म्हातारीला बरं वाटलं असतं," ती म्हणाली.

"वाटलं असतं. पण भाची ते शब्द ऐकायला थांबली असती, आणि हिला वाटलं असतं, मी तर बोलले, तरी पोरीने दाद दिली नाही. पुन्हा अकरा वर्षं."

"आणि आता?"

"आता मला माहीत नाही."

तिने आणखी थोडा भात वाढला. तो ताटातच राहिला; तीही न जेवताच उठली.

थोरलीचा फोन पुन्हा आला नाही. तिने भाचीला फोन केला का, भाचीने उचलला का, मास्तरांना कधीच कळले नाही. ते काम सोडणार होते. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आजीला पडदा दिसेना, म्हणून राहिले. पण त्यानंतर बोलणाऱ्याला त्यांनी फोन ठेवू दिला नाही. सभागृहात आवाज घुमतो, लोक कपाळाला आठ्या घालतात. मास्तर म्हणतात, घुमू द्या.

हे करुणाकरा, ज्याने खोटे बोलून आपले ओझे दुसऱ्याच्या उशाशी ठेवले नाही, त्या तारमास्तरांवर कृपा असू दे. त्यांच्या गुडघ्यांना बळ दे, रात्रीला झोप दे. त्यांच्याबरोबर न जेवता उठलेल्या त्या माउलीच्या घरात कधी अबोला शिरू देऊ नकोस. आणि जे शब्द त्या सभागृहात कुणी ऐकले नाहीत, ते तू ऐकले आहेस हे त्या थोरलीला कुठल्या तरी वाटेने कळव. त्यांचे कल्याण असो, त्यांच्या घरादाराचे कल्याण असो.